पर्युदास, सूट आणि मौन : खाजगी सुरक्षेच्या कायद्यांतील अपवादांची भाषा

(१)

कायद्याच्या भाषेचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होत आला आहे. परिभाषा सुबोध असावी की संस्कृतनिष्ठ असावी, हा एक वाद. आणि मूळ इंग्रजी पाठाशी मराठी पाठ कितपत जुळतो, ही दुसरी चिकित्सा. दोन्ही विचार उपयुक्तच आहेत. परंतु दोहोंतही लक्ष शब्दांवर राहते, वाक्यावर फारसे जात नाही. वस्तुतः कायदा मनुष्यास बांधतो तो शब्दाने नव्हे, वाक्याने. आणि ज्याला तो बांधीत नाही त्यालाही वाक्याच्या रचनेतूनच मोकळे सोडतो. कायद्यातील अपवाद कोणकोणत्या व्याकरणिक मार्गांनी निर्माण होतात, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यासाठी खाजगी सुरक्षेच्या नियमनाचे दोन अधिनियम निवडले आहेत. पहिला, भारतीय संसदेचा खाजगी सुरक्षा अभिकरणांच्या विनियमनाचा २००५चा अधिनियम. दुसरा, महाराष्ट्र राज्याचा खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांविषयीचा १९८१चा अधिनियम.

या विषयाकडे लक्ष वळले ते एका अगदी साध्या प्रसंगाने. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत प्रश्न निघाला की, संस्थेने स्वतः नेमलेल्या वॉचमनसाठी परवाना लागतो काय? चिटणीस म्हणाले, “लागतो असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.” त्यावर एका वृद्ध सभासदांनी विचारले, “मग लागत नाही असे तरी कुठे लिहिले आहे?” सभेत हशा पिकला आणि विषय पुढे गेला. परंतु ही दोन्ही विधाने अक्षरशः खरी आहेत, आणि ती एकाच वेळी खरी कशी असू शकतात हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे.

(२)

प्रथम २००५चा अधिनियम पाहू. अवघ्या पंचवीस कलमांचा हा कायदा १४ मार्च २००६ पासून अमलात आला. त्याचा कणा म्हणजे चौथे कलम : परवाना धारण केल्यावाचून कोणीही खाजगी सुरक्षा अभिकरणाचा व्यवसाय करू नये. हा निषेध मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा विसाव्या कलमात सांगितली आहे. अशा कठोर निषेधाच्या सोबतीला, तो कोणाला लागू नाही हे सांगणारे एखादे कलम असेल अशी वाचकाची अपेक्षा होते. ‘सूट’ असा मथळा असलेले कलम या अधिनियमात मुळी नाहीच. जे वगळले आहेत ते सर्व दुसऱ्या कलमातील व्याख्यांत वगळले आहेत.

मीमांसकांनी आणि वैयाकरणांनी नकाराचे दोन प्रकार मानले आहेत. नकाराचा अन्वय क्रियापदाशी झाला की तो प्रसज्यप्रतिषेध. नामाशी झाला की पर्युदास. पहिला क्रिया थांबवितो, दुसरा वस्तू वगळतो. चौथ्या कलमातील ‘करू नये’ हा उघड प्रसज्यप्रतिषेध आहे. व्याख्यांतील नकार मात्र पर्युदासाच्या जातीचा आहे. ‘खाजगी सुरक्षा’ या पदाच्या व्याख्येचा आशय असा : लोकसेवकाहून अन्य अशा व्यक्तीने, कोणत्याही व्यक्तीचे किंवा मालमत्तेचे किंवा दोहोंचे रक्षण करण्यासाठी वा त्यांवर पहारा ठेवण्यासाठी पुरविलेली सुरक्षा. ‘खाजगी सुरक्षा अभिकरण’ याच्या व्याख्येत पुन्हा एकदा शासकीय अभिकरण, विभाग वा संघटना यांहून अन्य असा पर्युदास आला आहे.

दोन पर्युदासांची ही जोडी वरवर पाहता पुनरुक्ती वाटते. ती पुनरुक्ती नाही. पहिल्याने माणूस वगळला जातो, दुसऱ्याने संस्था. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल १९६८च्या अधिनियमाने स्थापन झाले, आणि २००९च्या दुरुस्तीने त्याला खाजगी क्षेत्रातील उद्योगांनाही मोबदला घेऊन रक्षक देण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ २०१०च्या राज्य अधिनियमान्वये स्थापन झाले. तेही शुल्क घेऊन रक्षक पुरविते. काम तेच, मोबदला घेणेही तेच. तरी परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण दोघेही दुसऱ्या पर्युदासाने बाहेर ठेवले आहेत. येथे ‘खाजगी’ हा शब्द कामाचे स्वरूप सांगत नसून करणाऱ्याचे कूळ सांगतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पहिल्या पर्युदासात मात्र एक खरी संदिग्धता आहे. ‘लोकसेवक’ या पदाची व्याख्या अधिनियम स्वतः करीत नाही. ती फौजदारी कायद्यातून घ्यावी लागते : ३० जून २०२४ पर्यंत भारतीय दंडसंहितेच्या एकविसाव्या कलमातून, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या दुसऱ्या कलमातून. त्या व्याख्येत शासकीय कंपन्यांचे आणि अधिनियमाने स्थापन झालेल्या महामंडळांचे नोकरही येतात; म्हणून पर्युदासाचा आवाका प्रथमदर्शनी वाटतो त्याहून बराच मोठा आहे. पण खरी अडचण निराळी आहे. ‘लोकसेवक’ हे नाम व्यक्तीचे वाचक मानावयाचे, की तिच्या त्या वेळच्या भूमिकेचे? पाळी संपल्यावर एखाद्या पेढीच्या दारात पहारा देणारा शिपाई ही व्यक्ती लोकसेवकच असते; पण त्या पहाऱ्यापुरती ती लोकसेवक नसते. नाम व्यक्तिवाचक घेतले तर त्याचा पहारा ‘खाजगी सुरक्षा’ ठरत नाही, आणि भूमिकावाचक घेतले तर ठरतो. सेवानियमांच्या आधारे अशा शिपायावर कारवाई होईल ही गोष्ट वेगळी. येथे मुद्दा एवढाच की, ‘लोकसेवक या नात्याने काम करणाऱ्याहून अन्य’ असे चार शब्द अधिक घातले असते तर ही संदिग्धता उरली नसती.

(३)

आतापर्यंत पाहिले ते उघड अपवाद. ज्यांच्यावरून सभेत हशा पिकला तो अपवाद या जातीचा नाही. कारखाना, रुग्णालय, शाळा, गृहनिर्माण संस्था यांनी स्वतःच्या पगारपत्रकावर नेमलेले रक्षक परवान्याच्या कक्षेबाहेर आहेत असे सर्वसाधारणपणे समजले जाते, आणि ते समजणे योग्यही आहे. पण हे वगळणे ‘वगळून’ या शब्दाने झालेले नाही. ‘व्यतिरिक्त’, ‘अन्य’, ‘परंतु’ यांपैकी कोणताही शब्द येथे नाही. मग ते कशाने झाले?

ते झाले आहे ‘पुरविणे’ या क्रियापदाने. अभिकरण म्हणजे खाजगी सुरक्षा सेवा पुरविण्याचा, किंवा औद्योगिक वा व्यापारी उपक्रमास, कंपनीस अथवा इतर व्यक्तीस वा मालमत्तेस रक्षक पुरविण्याचा व्यवसाय करणारी व्यक्ती किंवा व्यक्तिसमूह, असा त्या व्याख्येचा आशय आहे. ‘पुरविणे’ या क्रियेला तीन कारकांची अपेक्षा असते : पुरविणारा कर्ता, जे पुरवावयाचे ते कर्म, आणि ज्याला पुरवावयाचे ते संप्रदान. कर्ता आणि संप्रदान एकच असतील तर क्रिया सिद्ध होत नाही. आपण ‘घरात धान्य भरले’ असे म्हणतो, ‘स्वतःला धान्य पुरविले’ असे म्हणत नाही. जी गृहनिर्माण संस्था स्वतःच्याच दारावर माणूस बसविते, तिच्या बाबतीत संप्रदानाची जागा रिकामी राहते. म्हणून ती अभिकरण होत नाही, आणि अभिकरण नाही म्हणून चौथ्या कलमातील निषेध तिला स्पर्श करीत नाही. याच्या जोडीला ‘व्यवसाय’ हे नाम आहे. कापडाच्या गिरणीचा व्यवसाय कापडाचा असतो. पहारा हा तिचा व्यवसाय नव्हे, व्यवसायाचा खर्च होय.

एकाच कारखान्याच्या फाटकावर दोन रक्षक उभे आहेत अशी कल्पना करू. एक कारखान्याच्या हजेरीपटावरचा, दुसरा अभिकरणाने पाठविलेला. दोघांच्या हाती तीच नोंदवही, तीच शिट्टी. दुसऱ्याच्या पूर्वचारित्र्याची पडताळणी झाली पाहिजे, त्याचे वय अठरा ते पासष्ट यांच्या दरम्यान असले पाहिजे, त्याला प्रशिक्षण मिळाले पाहिजे, त्याच्यापाशी छायाचित्रासह ओळखपत्र असले पाहिजे. पहिल्याविषयी हा अधिनियम काहीच मागत नाही. फाटकातून आत येणाऱ्या मनुष्यास हा भेद दिसण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण तो भेद रक्षकात नाही. तो एका क्रियापदाच्या कारकरचनेत आहे.

हीच कारकरचना दुसऱ्या टोकाला काय करते तेही पाहिले पाहिजे. रात्री गल्लीतून काठी आपटीत, शिट्टी फुंकीत फिरणारा आणि महिन्याच्या आरंभी दहा दुकानांतून व वीस घरांतून थोडेथोडे पैसे गोळा करणारा पहारेकरी आपल्या शहरांत अपरिचित नाही. तो कोणाचा नोकर नाही. तो सेवा पुरवितो, अनेकांना पुरवितो, मोबदला घेऊन पुरवितो आणि त्यावरच जगतो. कर्ता आहे, कर्म आहे, संप्रदान आहे, व्यवसायही आहे. व्याख्येत ‘व्यक्ती किंवा व्यक्तिसमूह’ असे म्हटले असल्याने एकटेपणाही त्याच्या उपयोगी पडत नाही. वाच्यार्थाने पाहता हा काठीवाला मनुष्य स्वतःच एक खाजगी सुरक्षा अभिकरण आहे. एका जिल्ह्यापुरते काम करणाऱ्यास सांगितलेले पाच हजार रुपये शुल्क त्याने भरले पाहिजे. गृहखात्यातील सहसचिवाहून कमी दर्जाचा नसलेल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडून परवाना घेतला पाहिजे. आणि परवाना मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत विहित संख्येचे पर्यवेक्षकही नेमले पाहिजेत! उलट शेकडो रक्षक स्वतःच्या नोकरीत ठेवणारा प्रचंड उद्योग परवान्यावाचून मोकळा. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे होते असे म्हणवत नाही. पण कायद्याचा वाचक मनात शिरू शकत नाही. त्याला वाक्यच वाचावे लागते.

या दोन टोकांच्या मध्ये आणखी एक प्रदेश आहे. एखाद्या उद्योगसमूहाने स्वतःच्या सर्व कंपन्यांच्या पहाऱ्यासाठी निराळी कंपनी काढली तर काय? व्यवहारात घर एकच. पण कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक कंपनी ही पृथक् व्यक्ती असते. तेव्हा कर्ता आणि संप्रदान वेगळे झाले, आणि ‘पुरविणे’ सिद्ध झाले. एकाच वॉचमनचा पगार तीन शेजारी संस्थांनी मिळून दिला तर तो तिघांचा नोकर, की तिघांना सेवा पुरविणारा व्यावसायिक? अशा ठिकाणी परवान्याचे उत्तर सुरक्षेच्या विचारातून निघत नाही, नोकरी आणि पुरवठा यांतील सीमारेषा कोठे मानावयाची यातून निघते.

(४)

आता रक्षकाच्या व्याख्येकडे वळू. तिचा आशय असा : अन्य व्यक्तीस किंवा मालमत्तेस किंवा दोहोंस, शस्त्रासह अथवा शस्त्रावाचून, खाजगी सुरक्षा पुरविणारी कोणतीही व्यक्ती, तीत पर्यवेक्षकाचा समावेश होतो. या व्याख्येचा एक गुण प्रथम मान्य केला पाहिजे. ती नावावर अवलंबून नाही, कामावर आहे. वॉचमन, दरवान, पहारेकरी, बाउन्सर, केअरटेकर असे कोणतेही नाव दिले तरी काम पहाऱ्याचे असेल तर मनुष्य रक्षकच ठरतो. नाव बदलून कायदा चुकविण्याची वाट येथे बंद झाली आहे.

परंतु नैयायिकांनी लक्षणाचे जे दोष सांगितले आहेत, त्यांतील अतिव्याप्ती येथे स्पष्ट दिसते. शेजारी गावाला गेले असता त्यांच्या घरावर लक्ष ठेवणाऱ्या आजीबाई लोकसेवक नाहीत, अन्य व्यक्तीच्या मालमत्तेचे रक्षण करीत आहेत, आणि शस्त्र असण्याची अट नाही. अक्षरशः त्याही रक्षक होत. ‘अन्य’ या विशेषणाची व्याप्तीही निश्चित नाही. ‘अन्य व्यक्तीस किंवा मालमत्तेस’ यात ‘अन्य’ हे केवळ व्यक्तीला लागते, की मालमत्तेलाही? केवळ व्यक्तीला लागत असेल तर स्वतःच्या दुकानाच्या पायरीवर रात्र काढणारा दुकानदारही व्याख्येत अडकतो. आजीबाईंना सोडविण्यासाठी वैयाकरणांचा एक न्याय उपयोगी पडेल : नामाचा निषेध केला असता त्या नामाहून भिन्न, परंतु त्याच्याशी सदृश अशाच वस्तूचा बोध होतो. ‘लोकसेवकाहून अन्य’ म्हणजे जगातील कोणीही नव्हे; लोकसेवकासारखाच कर्तव्य म्हणून पहारा देणारा, पण लोकसेवक नसलेला. असा अर्थ घेतला तर व्याख्या ताळ्यावर येते. मात्र हा अर्थ व्याख्येने दिलेला नाही, वाचकाने पुरविलेला आहे.

अतिव्याप्तीने बिघडते काय, असे कोणी विचारील. रक्षकाची व्याख्या कितीही सैल असली तरी परवाना रक्षकाला नव्हे, अभिकरणाला लागतो. तेव्हा आजीबाईंना भय नाही. हे खरे आहे. पण येथेच या अधिनियमाच्या रचनेतील सर्वांत गंभीर विसंगती दडलेली आहे. दोन व्याख्यांतील कारके ताडून पाहा. संस्थेचा वॉचमन पहारा देतो तेव्हा कर्ता वॉचमन आणि संप्रदान संस्था. दोघे भिन्न आहेत, क्रिया सिद्ध आहे. म्हणून वॉचमन हा ‘खाजगी सुरक्षा रक्षक’ आहे. संस्था मात्र वर पाहिल्याप्रमाणे ‘अभिकरण’ नाही. एकाच पहाऱ्यातील एक टोक कायद्याच्या आत आणि दुसरे बाहेर, अशी ही स्थिती आहे.

आता अधिनियमाने रक्षकाच्या हिताच्या गोष्टी कोणत्या वाक्यांत सांगितल्या आहेत ते पाहावे. दहाव्या कलमातील पात्रतेच्या अटींचा कर्ता अभिकरण आहे : अभिकरणाने अशा व्यक्तीशिवाय अन्य कोणास नेमू नये. प्रशिक्षण देण्याच्या वाक्याचा कर्ता अभिकरण आहे. सतराव्या कलमातील ओळखपत्र द्यावयाचे ते अभिकरणाने. म्हणजे जी वाक्ये रक्षकाला काही देतात त्यांचा दाता अभिकरण आहे, आणि ज्याच्या मागे अभिकरण नाही त्याच्यापर्यंत ती पोचत नाहीत. परंतु एकविसाव्या कलमातील वाक्याचा कर्ता स्वतः रक्षक आहे. कोणत्याही खाजगी सुरक्षा रक्षकाने सैन्यदलांचा वा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा दिसणारा वा त्याची विशिष्ट चिन्हे असलेला पोशाख घातल्यास तो आणि अभिकरणाचा मालक एक वर्षापर्यंत कारावासास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडास, किंवा दोहोंस पात्र होतील, असा त्याचा आशय आहे.

ज्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नाही, ओळखपत्र दिलेले नाही, आणि ज्याने जुन्या बाजारातून आणलेला खाकी सदरा थंडीसाठी अंगात घातला आहे, त्या संस्थेच्या वॉचमनला हे कलम लागते काय? ‘तो’ या सर्वनामाने निर्दिष्ट होण्यास तो व्याख्येप्रमाणे पात्र आहे. ‘अभिकरणाचा मालक’ या पदबंधाने निर्दिष्ट होणारा मात्र कोणीच नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या पदबंधात अभिकरणाचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे, आणि येथे ते गृहीतक खोटे ठरते. गृहीतक खोटे ठरले म्हणून संपूर्ण वाक्य गळून पडले असे मानावयाचे, की पहिला अंश शिल्लक राहिला असे? पहिला अर्थ घेतला तर वॉचमन सुटतो. दुसरा घेतला तर हा कायदा त्याला एकाच ठिकाणी ओळखतो, आणि ते ठिकाण म्हणजे शिक्षा. प्रस्तुत लेखकास पहिला अर्थ न्याय्य वाटतो; पण वाक्याची रचना त्याची ग्वाही देत नाही.

(५)

महाराष्ट्राचा १९८१चा अधिनियम वेगळ्याच प्रेरणेतून आला आहे. १९६९च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर, नोंदित रक्षक आणि नोंदित मालक यांच्यामध्ये मंडळ उभे करून रक्षकाचे वेतन व कल्याण सुरक्षित करावे, हा त्याचा हेतू. २००५च्या अधिनियमाचा रोख जनतेच्या सुरक्षिततेकडे आहे, तर या अधिनियमाचा रोख रक्षकाच्या पोटाकडे. असे असूनही दोहोंत वगळला जाणारा मनुष्य एकच आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. १९८१च्या व्याख्येप्रमाणे रक्षक म्हणजे कारखान्यात वा आस्थापनेत पहाऱ्याच्या कामासाठी अभिकरणाच्या किंवा अभिकर्त्याच्या द्वारा नेमलेली व्यक्ती. परंतु मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती आणि मुख्य मालकाचा थेट नोकर यांचा तीत समावेश होत नाही.

येथे अपवाद मौनात ठेवलेला नाही. ‘समावेश होत नाही’ असे स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. वाचणाऱ्याला आपण बाहेर आहोत हे कळते, आणि त्यामागील तर्कही अनुमानाने कळतो : थेट नोकराला कामगारविषयक इतर कायद्यांचा आधार असतो, मध्यस्थाच्या हाताखाली असलेल्याला तो दुबळा असतो. हा तर्क प्रत्येक ठिकाणी खरा ठरतो असे नाही. पण तो सांगितलेला असल्यामुळे त्याच्याशी वाद घालता येतो.

याच अधिनियमात अपवादाचा तिसरा प्रकार भेटतो, आणि रूढ अर्थाने ‘सूट’ म्हणावी ती हीच. तेविसाव्या कलमान्वये राज्य शासनाला, सल्लागार समितीशी विचारविनिमय करून, राजपत्रातील अधिसूचनेद्वारा आणि अटी घालून, एखाद्या कारखान्यातील वा आस्थापनेतील रक्षकांच्या वर्गाला अधिनियमाच्या तरतुदींतून सूट देता येते. त्या रक्षकांना मिळणारे लाभ या अधिनियमाखालील लाभांपेक्षा एकंदरीत कमी अनुकूल नाहीत, असे शासनाचे मत झाले पाहिजे. पर्युदास हा व्याख्येचा अवयव असतो, तो कोणी उच्चारीत नाही. सूट ही मात्र एक उक्ती आहे. तिला वक्ता आहे, दिनांक आहे, अटी आहेत, आणि ती मागे घेता येते.

‘एकंदरीत कमी अनुकूल नसलेले’ या दुहेरी नकाराकडेही पाहिले पाहिजे. ‘समान’ किंवा ‘अधिक’ असे म्हटले असते तर प्रत्येक लाभाची लाभाशी तुलना करावी लागली असती. दुहेरी नकारामुळे खालची मर्यादा तेवढी सांगितली गेली, आणि ‘एकंदरीत’ या क्रियाविशेषणामुळे वेतनातील उणीव निवासाच्या सोयीने भरून काढण्यास जागा राहिली. शासनाला लवचीकपणा मिळाला. रक्षकाच्या पदरात नेमके काय पडावे हे मात्र वाक्याने सांगितले नाही. लोकव्यवहाराने या वाक्याचे केलेले रूपांतरही मार्मिक आहे. कलमात सूट देण्याच्या क्रियेचे संप्रदान रक्षक आहेत. बोलण्यात मात्र ‘अमुक एजन्सीला सूट मिळाली’ असेच ऐकू येते. ज्याच्या लाभांची तुलना करून सूट द्यावयाची तो वाक्यातून नाहीसा होतो, आणि ज्याची सोय झाली तो त्याच्या जागी येऊन बसतो.

सूट, अग्रक्रम आणि सवलत यांतही गल्लत होऊ नये. माजी सैनिकांना परवान्यातून सूट आहे असा समज पुष्कळदा आढळतो. २००५च्या अधिनियमात त्यांना आहे तो रक्षक म्हणून नेमणुकीतील अग्रक्रम. केंद्र शासनाच्या २००६च्या आदर्श नियमांत सामान्य रक्षकासाठी किमान शंभर तास वर्गातील व साठ तास क्षेत्रीय प्रशिक्षण सांगितले होते. माजी सैनिक व माजी पोलीस यांच्यासाठी ते चाळीस आणि सोळा तासांवर आणले होते. ही सवलत झाली. माजी सैनिकाने स्वतः अभिकरण काढले तर परवाना घेणे त्याला चुकत नाही.

(६)

स्वतःच्या नोकरीतील रक्षक मोकळा, ही स्थिती आपल्याकडचीच आहे असेही नाही. ब्रिटनच्या २००१च्या खाजगी सुरक्षा उद्योग अधिनियमात परवाना अभिकरणाला नसून व्यक्तीला आहे. रचना उलटी आहे. तरीही तेथे कंत्राटावर पाठविलेल्या रक्षकाला परवाना लागतो आणि मालकाच्या थेट नोकरीतील सामान्य रक्षकाला लागत नाही. फरक एवढाच की, मद्यालयांसारख्या ठिकाणच्या द्वाररक्षकांच्या बाबतीत हा भेद त्यांनी मुद्दाम मोडला आहे. थेट नोकरीत असला तरी द्वाररक्षकाला परवाना घ्यावाच लागतो. आणि मे २०१७ मधील मँचेस्टर येथील स्फोटानंतर नेमलेल्या चौकशीच्या २०२१च्या पहिल्या अहवालात, टेहळणीचे कॅमेरे पाहणाऱ्या थेट नोकरांनाही परवाना लावावा की काय, याचा विचार करण्याची शिफारस आली. तेथे वाद होऊ शकला, कारण थेट नोकरीचा अपवाद ही तेथे एक नाव असलेली, बोट ठेवून दाखविता येणारी गोष्ट होती.

(७)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येक वॉचमनला परवान्याच्या कक्षेत आणले तर मरण त्याचेच आहे. एकशे साठ तासांचे प्रशिक्षण, शारीरिक पात्रता, वयाची मर्यादा यांत गावाकडून आलेला साठी ओलांडलेला म्हातारा टिकणार नाही. संस्था त्याला काढून अभिकरणाकडे जाईल. हा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे. थेट नोकराला वगळू नये असे माझे म्हणणे नाहीच. कदाचित तो वगळलेलाच बरा. म्हणणे एवढेच की, वगळण्याचा निर्णय कोणीतरी घेतला पाहिजे आणि शब्दांत सांगितला पाहिजे. आज तो निर्णय कोणी घेतल्याचे दिसत नाही. तो ‘पुरविणे’ या क्रियापदाच्या पोटातून आपोआप निघाला आहे. आणि जो अपवाद कोणी सांगितलेला नाही, त्याच्या मर्यादाही कोणी सांगितलेल्या नसतात. म्हणूनच गल्लीतील काठीवाला आत सापडतो आणि मोठा उद्योग बाहेर राहतो.

दुसरा आक्षेप असा की, संदिग्धता दूर करणे हे न्यायालयांचे काम आहे, भाषाभ्यासकाने त्यात पडू नये. परंतु न्यायालयापर्यंत पोचतो तो अर्थ पैसे असलेल्या पक्षांच्या वादातून. खाकी सदऱ्याच्या प्रश्नावर वॉचमन उच्च न्यायालयात जाण्याचा संभव फार थोडा. त्याच्यापर्यंत कायदा पोचतो तो चिटणीसाच्या किंवा ठाण्यातील अंमलदाराच्या वाचनातून, आणि ते वाचन वाच्यार्थाचेच असते.

तेव्हा दुरुस्तीची दिशा अवघड नाही. २००५च्या अधिनियमात ‘हा अधिनियम कोणास लागू नाही’ असे एक स्वतंत्र कलम असावे. त्यात लोकसेवकाचा उल्लेख भूमिकेसह यावा. थेट नोकर १९८१च्या अधिनियमाप्रमाणे नाव घेऊन वगळावा. एकट्याने, निःशस्त्र आणि मर्यादित वस्तीत पहारा देणाऱ्यास परवान्याऐवजी साध्या नोंदणीची वाट असावी. आणि एकविसावे कलम अभिकरणाच्या रक्षकापुरते आहे, की सर्वांना आहे, ते स्पष्ट व्हावे. सर्वांना असेल तर गणवेशाचा नियम काय आहे हे रक्षकाला सांगण्याचे कर्तव्यही त्याच्या मालकावर घालावे.

उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध आपल्या व्याकरणपरंपरेने फार काटेकोरपणे मांडला आहे. अपवादाचे क्षेत्र सोडून उरते तेथे उत्सर्ग प्रवृत्त होतो. म्हणून अपवाद ठाऊक असल्यावाचून उत्सर्गाची सीमा कळत नाही. सभेतील वृद्ध गृहस्थांनी नेमके हेच विचारले होते. चिटणीसांचे उत्तर चुकीचे नव्हते. त्या संस्थेला परवाना लागत नाही. पण तो का लागत नाही, हे सांगण्यास त्यांना ज्या वाक्याचा आधार हवा होता ते वाक्य कायद्यात नव्हते, आणि ज्याच्याविषयी हे सर्व चालले होते तो वॉचमन त्या वेळी सभागृहाबाहेर सभासदांची वाहने सांभाळीत उभा होता.